गाणी आणि कागद एकाच पेटीत

"त्यांच्याकडं आता कागद द्यायचे न्हाईत बाई. अख्ख्या दुनियेला वाटून बसले."

मी विहारामागच्या मोरीत चहाचे कप विसळत होते. रविवारची वंदना नुकतीच संपली होती आणि भिंतीपलीकडे दोन बायका चपला शोधता शोधता बोलत होत्या. आत कुणी आहे हे त्यांना कळलं नसावं. मी कुठलंही काम आवाज न करता करते, लहानपणापासून. त्यामुळे माझ्या कानावर जरा जास्तच पडतं.

"मुद्दाम थोडंच केलं असेल? सज्जन माणूस आहे," दुसरी म्हणाली.

"मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय? पण कळत न्हाई तर कॉम्प्युटरला हात कशाला लावायचा? टेप वाजवत बसायचं की गप!"

टेप म्हटल्यावर बोलणं कुणाबद्दल चाललंय याची शंका उरली नाही. निगडीच्या आमच्या वस्तीत माझ्या पप्पांना सगळे टेपवाले म्हणतात. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायला हवी होती. ती वाक्यं माझ्याकडे होती आणि पप्पा सोडले तर वस्तीत दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. मी कप विसळले, पुसले, ट्रेमध्ये उपडे लावले. तोवर दोघी निघून गेल्या होत्या.

पप्पा मूळचे परभणीकडचे. पिंपरीतल्या एका फोर्जिंगच्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं हॅमरवर काढली. तापलेल्या लोखंडावर घण पडण्याच्या त्या आवाजाने त्यांचा डावा कान अधू झाला. उजवा शाबूत राहिला तो फक्त गाण्यांसाठी, असं मम्मी म्हणते. पहिल्या वर्षीच्या ओव्हरटाइममधून त्यांनी घड्याळ न घेता टेपरेकॉर्डर घेतला होता. जयंतीच्या महिन्यात दापोडी, देहूरोड, भोसरी, जिथे गायन पार्टी असेल तिथे ते सायकलवर जायचे आणि स्टेजच्या पायथ्याशी मांडीवर टॉवेल पसरून त्यावर टेप ठेवून बसायचे. न विचारता त्यांनी कधीच बटण दाबलं नाही. आधी गायकाला विचारायचे आणि ते विचारणंही टेपमध्ये घ्यायचे. म्हणून त्यांच्या प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला गाणं नाही, एक बोलणं आहे. कुणी खाकरतो, कुणी हसतो, आणि म्हणतो, "घ्या दादा, करा टेप. पण चार लोकांना ऐकवा."

गाणारे कोण होते? गवंडी होते, हमाल होते, महापालिकेचे सफाई कामगार होते. एक बाई होत्या, दिवसभर भाजी विकून रात्री मुकाबल्याला उभ्या राहायच्या आणि समोरच्या पार्टीला सवालात असं अडकवायच्या की मांडवात शिट्ट्या पडायच्या. यांचं गाणं कुठल्याही कंपनीने रेकॉर्ड केलेलं नाही. आहे ते पप्पांच्या पेटीत आहे.

पेटी पत्र्याची, हिरव्या रंगाची, कुलपाची. आमच्या जुन्या खोलीत पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिरायचं, तेव्हा विटांवर चढवलेली ती एकच वस्तू कोरडी राहायची. म्हणून घरात जे जे जपायचं ते पेटीत जायचं. खाली कॅसेट, वर कागद. पप्पांचा जातीचा दाखला, ज्यासाठी आजोबांनी तालुक्याला खेटे घातले होते. मम्मीचा शाळा सोडल्याचा दाखला. मग शेजाऱ्यांचेही कागद येऊ लागले. पप्पा दहावी पास आणि अक्षर छापल्यासारखं, त्यामुळे स्कॉलरशिपचा फॉर्म असो की पडताळणीचा, वस्तीतले लोक त्यांच्याकडे यायचे आणि जाताना एकेक झेरॉक्स ठेवून जायचे. "असू द्या तुमच्याकडंच. आमच्या घरात काय राहत न्हाई." दोन पिढ्यांची मुलं त्या पेटीतल्या कागदांवर कॉलेजात गेली. हे मी वाढवून सांगत नाही. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत आज जे साहेब आहेत, त्यांचा बारावीनंतरचा पहिला फॉर्म आमच्या ओट्यावर भरला गेलाय.

मला त्यांनी प्राधिकरणातल्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मी कमी बोलायला शिकले. घरी कुठली गाणी लागतात असं मैत्रिणींनी विचारलं की मी सिनेमातल्या गाण्यांची नावं सांगायची. खोटं नव्हतं ते, अर्धं खरं होतं. आडनावानंतर जो छोटासा थांबा येतो, तो मला फार लवकर ओळखता येऊ लागला होता.

आता मी चाकणला एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलला आहे. कुठलं ड्रॉइंग कुठल्या सप्लायरला जाईल, जुनं कधी परत येईल, कुणाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे सांभाळणं हे माझं काम. ड्रॉइंगवर मारायचा लाल शिक्का माझ्या खणात असतो. तीन वर्षांत माझ्या हातून एकही कागद चुकीच्या टेबलावर गेलेला नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्याच दिवाळीला मी घरी कॉम्प्युटर आणला आणि पप्पांनी कॅसेट त्यावर उतरवायला घेतल्या. एका वायरने टेप जोडायची, गाणं वाजतं तसं ते आत जातं. म्हणजे तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. पप्पा उजवा कान स्पीकरकडे करून तासभर बसायचे. वर्षभर त्यांनी हे काम केलं. फोल्डर करताना मी विचारलं, "नाव काय देऊ?" ते म्हणाले, "पेटी दे. आत जसं आहे तसंच ठेव." मी 'पेटी' केली, त्यात 'गाणी' आणि 'कागद' केले. मग वस्तीतल्या झेरॉक्सही मी स्कॅन करून 'कागद'मध्ये टाकल्या. त्या दिवशी आम्हा दोघांनाही फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं, आणि ते मोठं होतंच.

पुढे प्रश्न आला गाणी लोकांपर्यंत न्यायची कशी. एकदा पप्पांनी एका ओळखीच्याला चार गाणी दिली. त्याने सुरुवातीचं "घ्या दादा" कापून टाकलं, स्वतःचं नाव लावलं आणि व्हिडिओ करून इंटरनेटवर चढवलं. पप्पा दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हा भुसावळच्या त्यांच्या एका संग्राहक मित्राने हा दुसरा मार्ग सांगितला. एक सॉफ्टवेअर घ्यायचं. तुमच्या कॉम्प्युटरवरचा एक फोल्डर तुम्ही उघडा ठेवायचा, समोरच्याने त्याचा. मध्ये कुणी कंपनी नाही. त्याची फाइल सरळ तुमच्याकडे, तुमची सरळ त्याच्याकडे. पप्पांना ते लगेच पटलं. जुने संग्राहक असंच करायचे. माझी कॅसेट तुला, तुझी मला.

ज्या सकाळी त्यांनी ते सॉफ्टवेअर टाकलं, त्या सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होते. तळवड्याच्या चौकात बस अडकली होती. शेजारच्या सीटवर आमच्या विभागात नुकतीच आलेली एक इंजिनिअर बसली होती, जिच्याशी मी तोपर्यंत फक्त इंग्रजीत बोलले होते. फोन वाजला.

"माय, हे विचारायलंय कोणता फोल्डर उघडा ठेवायचा. सगळी पेटी देऊ का नुसती गाणी?"

पप्पा कमी ऐकू येत असल्यामुळे मोठ्याने बोलतात. फोनमधून त्यांचा आवाज बाहेर येत होता. मी खिडकीकडे वळून हळूच म्हटलं, "हो, तेच. नेक्स्ट करा."

"तेच म्हणजे? पेटी का गाणी?"

'गाणी' म्हटलं असतं, तर कसली गाणी असं शेजारची विचारेल असं मला वाटलं. ती विचारणारही नव्हती कदाचित. पण मी म्हटलं, "पेटी. नेक्स्ट, नेक्स्ट करत जा. ठेवते."

त्यांनी पेटी दिली.

अडीच महिने ती उघडी होती. कॉम्प्युटर सुरू झाला की ते सॉफ्टवेअर आपोआप सुरू व्हायचं, हेही मी कधी पाहिलं नाही. गाणी खूप लोकांनी नेली. पप्पा रोज संध्याकाळी मला सांगायचे, आज जळगावला गेलं, आज कुणी गुलबर्ग्याहून घेतलं. मी "छान" म्हणायचे आणि डब्याची पिशवी आवरायचे.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी बसमधून उतरून मी घरी आले, तर ओट्यावर आमच्या गल्लीतल्या एक काकू उभ्या होत्या. त्यांची मुलगी त्या वर्षी नर्सिंगला जाणार होती आणि तिचा फॉर्म पप्पांनी भरला होता. काकूंना दुपारपासून यवतमाळकडच्या एका शिक्षकाचे फोन येत होते. फसवणुकीचा फोन समजून त्यांनी तीनदा कापला. चौथ्यांदा तो माणूस एका श्वासात म्हणाला, "ताई, मला काही नको. तुमच्या मुलीचा दाखला माझ्या कॉम्प्युटरवर आलाय, एवढं सांगायला फोन केला. गाणी घ्यायला गेलो होतो, सोबत हे आलं. फॉर्मवर तुमचा नंबर होता. मी पुसून टाकलंय. पण ज्यांच्याकडून आलं त्यांना सांगा."

पप्पांनी उठून कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली. बंद न करता तशीच उपटली. मग बसले आणि एकच विचारलं, "आणखी कुणाकुणाचे होते?"

मी शनिवारी रजा टाकली. इंटरनेटची तार काढून ठेवून मगच कॉम्प्युटर सुरू केला आणि कुणी काय नेलं याची सॉफ्टवेअरमधली यादी ओळीने वाचली. बहुतेकांनी फक्त गाणी घेतली होती. चौघांनी अख्खी पेटी उतरवून घेतली होती. एक ते यवतमाळचे शिक्षक. दोघे पप्पांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी फोनवर बोलता बोलताच 'कागद' पुसले, आणि त्यातल्या एकाने तर आपला स्क्रीन व्हिडिओवर दाखवला, पप्पांची खात्री पटावी म्हणून. चौथ्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे होते. आधी फोल्डर बंद केला, मग तार पुन्हा जोडून त्याला मी निरोप टाकला. उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकूंकडून बातमी वस्तीभर झालेली. तेव्हाचंच ते मोरीतलं ऐकलेलं.

पप्पा पुढे काय करणार होते ते त्या बाईंना ठाऊक नव्हतं. सोमवारपासून रोज संध्याकाळी मी कामावरून आले की ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे. हातात वही, वहीत सतरा घरं. ज्यांचे ज्यांचे कागद उघडे पडले त्या प्रत्येकाच्या दारात ते स्वतः गेले. कुणी चहा विचारला तर म्हणायचे, "आधी ऐका, मग ठरवा पाजायचा का न्हाई." आणि सांगायचे, "तुमचे कागद माझ्या कॉम्प्युटरवरून बाहेर दिसत होते. चूक माझी आहे."

"आमच्या पोराचे मार्क बघून चोरच पैसे देऊन जाईल हो टेपवाले!" एक भाऊ म्हणाले आणि त्यांची बायको हसली. पप्पा हसले नाहीत. एका घरी दार अर्धंच उघडलं आणि तसंच राहिलं. एका मावशींनी विचारलं, "मग ते कागद परत मागून आणा की."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"न्हाई मावशी," ते म्हणाले. "एकदा गेलेली कॉपी परत येत न्हाई. ती कुठंबी असू शकते. म्हणून तर आलोय."

पुढचं काम माझं असायचं. मी त्यांचा फोन हातात घ्यायची आणि आधार कार्डाचं बोटांच्या ठशांचं लॉक लावून द्यायची. कुणी फोन करून तुमची सगळी माहिती बरोबर सांगितली तरी तो सरकारी माणूस असेलच असं नाही आणि फोनवर आलेला आकडा कुणालाच द्यायचा नाही, हे त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. ते मला जमलं. बोटं बोलतात तेव्हा मला बोलावं लागत नाही. सतरा घरांत मी हे नीट केलं, एकही घर न सोडता, आणि याचा मला अभिमान आहे. पण पप्पा "चूक माझी" म्हणायचे तेव्हा मी प्रत्येक दारात त्यांच्या खांद्यामागे उभी असायची आणि खाली बघायची.

बाराव्या घरानंतर रस्त्यात मी म्हटलं, "तुम्ही खरं का सांगत नाही? मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"तुझी नोकरी कागदाची आहे माय," ते म्हणाले. "वस्तीतली पोरं तुमच्याच कंपनीत आहेत. कागद सांभाळणारीच्याच घरातून कागद गेले, असं झालं तर? मी रिटायर माणूस. माझं काय जातंय?"

त्यांचं काय जात होतं ते त्यांनी पुढच्याच चौकात सांगितलं. रविवारी वंदना झाली की सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की यापुढे कुणाचा फॉर्म भरणार नाही, कुणाचा कागद ठेवणार नाही. आणि गाणीही बंद. पेटीला कुलूप. "कळत न्हाई त्यात हात घालू नये," ते म्हणाले. म्हणजे ते वाक्य कुणीतरी त्यांच्यापर्यंतही पोचवलं होतं.

मला राग आला. बुधवारी मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. म्हटलं, "तीस वर्षं तुम्ही कॅसेट लोकांना दिल्या. एकही हरवली नाही, एकही खराब झाली नाही. कशी?"

"त्याला काय? नियम होते माझे."

"सांगा."

आधी टाळाटाळ केली, मग रंगले. मास्टर कॅसेट घराबाहेर जाणार नाही, जाईल ती कॉपी. कॉपी स्वतः करायची आणि पूर्ण ऐकूनच द्यायची, कारण कधीकधी गाण्याच्या शेवटी घरातलं बोलणं टेप झालेलं असतं. कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारके प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, मग तिच्यावर कुणी दुसरं काही टेप करू शकत नाही. आणि बाहेरून आलेली कॅसेट चांगल्या टेपला कधीच लावायची नाही. त्यासाठी एक जुना टेप वेगळा ठेवलेला. बुरशी लागलेली, चिकट झालेली पट्टी असली तर जुना टेप बिघडेल, चांगल्याचं हेड वाचेल.

मी लिहीत होते आणि माझं मलाच हसू येत होतं. फायलींची देवाणघेवाण सुरक्षित कशी करावी याबद्दल आमच्या कंपनीने आम्हाला दिवसभराचं ट्रेनिंग दिलं होतं, प्रोजेक्टर लावून. त्यात याहून वेगळं काही नव्हतं. माझ्या वडिलांना सगळं येत होतं. त्यांना फक्त ते पडद्यावर कुठे असतं हे दाखवायचं होतं, आणि ते दाखवायची जबाबदारी ज्या मुलीची होती ती बसमध्ये लाजत होती.

आम्ही त्याच संध्याकाळी कामाला लागलो. माझा कॉलेजातला जुना लॅपटॉप पुसून कोरा केला. त्यावर फक्त गाण्यांच्या कॉपी ठेवल्या, दुसरं काहीही नाही. गाण्यांची मास्टर घरच्या कॉम्प्युटरवर राहिली, आणि कागदांसाठी वेगळी डिस्क घेतली, पासवर्डची, जी काम झालं की काढून पेटीत जाते. लॅपटॉपवरचा फोल्डर असा लावला की बाहेरच्याला घेता येईल, बदलता येणार नाही. "तुकडे मोडले," पप्पा म्हणाले. सॉफ्टवेअर आपोआप सुरू होणं बंद केलं. बाहेरून येणारं काहीही आधी लॅपटॉपवरच उघडायचं, तेही तपासून. एका फाइलचं नाव गाण्याचं होतं आणि नावाच्या शेवटी, टिंबानंतरचं शेपूट प्रोग्रामचं. मी ती दाखवली तर पप्पांनी चष्मा वर केला. "ही तर बुरशीची पट्टी," म्हणाले आणि स्वतःच्या बोटाने पुसली. शेवटी मी माझ्या फोनवरून, परक्या नावाने, आमच्याच फोल्डरमध्ये शिरून पाहिलं. बाहेरच्याला काय दिसतं हे बाहेर जाऊनच कळतं. गाणी दिसली. फक्त गाणी.

गुरुवारी सॉफ्टवेअरवर एक निरोप आला. धुळ्याकडच्या एका मुलीचा. तिच्या आजोबांनी कुठल्यातरी पार्टीत ढोलकी वाजवली होती, एवढंच घरात माहीत होतं. ते ती लहान असतानाच गेले. आमच्या एका कॅसेटच्या सुरुवातीला गायक ढोलकीवाल्याचं नाव घेतो आणि तो "जी!" म्हणतो. तिने लिहिलं होतं, हा त्यांचा आवाज आहे असं आजी म्हणते, ती सकाळपासून तेवढंच लावतेय. पप्पांना मी ते वाचून दाखवलं. त्यांना पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून मी मोठ्याने वाचलं. मग तिसऱ्यांदा, मम्मीला ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने.

"गाणी राहू दे मग," पप्पा म्हणाले. "पण कागदाचं मी रविवारी सांगणार. लोकांचा भरवसा गेला माझ्यावरचा. तो काय लॅपटॉपवर येत न्हाई."

त्यांचं खरं होतं. सतरा घरं फिरूनही त्या आठवड्यात एकही माणूस फॉर्म घेऊन आला नव्हता. नर्सिंगच्या मुलीचा पुढचा फॉर्म काकूंनी बाहेर एका दुकानात भरून घेतला, आणि त्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तिचे कागद आजही पडून असतील हे त्यांना सांगायची हिंमत आमच्यात नव्हती.

रविवारी वंदना संपली. लोक उठायच्या आत पप्पा पुढे गेले आणि त्यांनी माइक घेतला. मी बायकांच्या बाजूला, मागच्या रांगेत होते. मम्मी शेजारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"माझ्याकडून चूक झाली, ती तुम्हाला माहीत आहे," पप्पा म्हणाले. "घरोघरी जाऊन सांगितली. वय झालं, मशीन नवीन, समजलं न्हाई. म्हणून आजपासून मी..."

मी उभी राहिले. उभं राहायचं असं ठरवलेलं नव्हतं. पाय आधी उठले आणि बाकीची मी मागून.

"पप्पा, थांबा."

सगळी डोकी वळली. एवढे चेहरे एकदम माझ्याकडे कधीच वळले नव्हते. मी काहीतरी बोलले, ते मलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल गं! तुझ्या बापाला ऐकू येत न्हाई आणि आम्हालाबी येईना!" पुढून कुणीतरी ओरडलं. मोरीपलीकडचाच आवाज तो. लोक हसले. त्या हसण्यानेच मला वाट मिळाली.

मी पुढे गेले. माइक घेतला नाही, पप्पांच्या उजव्या बाजूला उभी राहिले, कारण त्यांनाही ऐकू जायला हवं होतं. मी शाळेत आणि कंपनीत प्रेझेंटेशन दिली आहेत, सगळी इंग्रजीत, सगळी पडद्याकडे बघत. इथे बघायला माणसंच होती.

"कागद आता वेगळ्या डिस्कवर आहेत," मी म्हटलं. "ती डिस्क इंटरनेटला लागलेल्या कुठल्याच कॉम्प्युटरला आम्ही लावत नाही. ज्याला बघायचं असेल त्याने घरी यावं, मी दाखवते. तुमच्या पोरांच्या फोनमध्ये अशी सॉफ्टवेअर असतील तर तेही घेऊन या. कुठला फोल्डर उघडा आहे ते आधी बघू. हे सगळं पप्पांना येतं. माझ्यापेक्षा जास्त येतं. मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय."

"मग झालं कसं ते?" कुणीतरी विचारलं. प्रश्नात टोमणा नव्हता. त्या माणसाला खरंच कळून घ्यायचं होतं.

पप्पांनी माझा दंड धरला. नको, असं त्या हाताला म्हणायचं होतं. मी तो हात तिथेच राहू दिला आणि आमच्या कंपनीतली दोन पोरं जिथे बसली होती, तिकडे बघून म्हटलं,

"त्यांनी मला फोन केला होता. सगळी पेटी उघडी ठेवू का नुसती गाणी, असं विचारलं होतं. मी बसमध्ये होते. शेजारी कंपनीतलं माणूस होतं. आपली गाणी आहेत हे त्या माणसासमोर बोलायला मी लाजले, म्हणून गाणी न म्हणता पेटी म्हणून टाकलं. चूक माझी आहे. पप्पांनी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."